अमेरिकेत सध्या कोणती चळवळ सामान्य माणसाच्या जगण्यापर्यंत पोहोचली आहे?

वृत्तवाहिन्यांवरील वादविवाद बाजूला ठेवून सामान्य माणसाचे जगणे बदलणारी चळवळ कोणती, असे आपण विचारले आहे. मी डेट्रॉईटजवळ राहतो आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात अभियंता आहे. माझ्या दृष्टीने ती चळवळ म्हणजे कामगार संघटनांनी पुन्हा धरलेले बाळसे.

सप्टेंबर 2023 मध्ये यूएडब्ल्यू या मोटार कामगारांच्या संघटनेने फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलँटिस या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप पुकारला. असे यापूर्वी कधीच झाले नव्हते. संप सुरू झाला तो फक्त तीन कारखान्यांत. पुढे कोणता कारखाना बंद पडेल हे कंपन्यांना कळू द्यायचे नाही आणि संपकऱ्यांना आठवड्याला 500 डॉलर देणारा निधीही लवकर आटू द्यायचा नाही, असे अध्यक्ष शॉन फेन यांचे धोरण होते.

त्या आठवड्यात मी वेन येथील फोर्डच्या गेटवर गेलो होतो. लाल शर्ट घातलेले कामगार फलक घेऊन उभे होते आणि रस्त्याने जाणारा जवळजवळ प्रत्येक ट्रक हॉर्न वाजवून त्यांना पाठिंबा देत होता. वीस वर्षे नोकरी झालेले एक गृहस्थ आणि त्यांच्याच लाइनवर काम करणारी एक ‘टेम्पररी’ मुलगी शेजारीशेजारी उभे होते. काम तेच, पाळी तीच, पण त्यांना तासाला सुमारे 32 डॉलर मिळत आणि तिला जेमतेम 17. आपल्याकडच्या कायम आणि कंत्राटी कामगारांची गोष्ट ज्याला ठाऊक आहे, त्याला यावर अधिक काही सांगायला नको. 2007 च्या करारात नव्या भरतीसाठी कमी पगाराची श्रेणी आली, 2009 मध्ये महागाई भत्ता गोठला, आणि नंतर कंपन्यांना अब्जावधींचा नफा होऊ लागला तरी गमावलेल्या या गोष्टी कामगारांना पूर्णपणे परत मिळाल्या नव्हत्या.

सुमारे सहा आठवड्यांनी समझोते झाले. करारकाळात 25 टक्के पगारवाढ ठरली, महागाई भत्ता पुन्हा लागू झाला आणि सर्वोच्च वेतनापर्यंत पोहोचण्याचा काळ आठ वर्षांवरून तीन वर्षांवर आला. माझ्या मते यातली शेवटची बाब सर्वांत मोलाची आहे, कारण एकाच लाइनवरच्या दोन माणसांतली दरी तिने कमी केली. एप्रिल 2024 मध्ये, ज्या दक्षिणेत संघटनांना पाय रोवता येत नसत, तिथल्या चॅटनूगाच्या फोक्सवॅगन कारखान्यानेही यूएडब्ल्यूच्या बाजूने कौल दिला.

मात्र खाजगी क्षेत्रात संघटनेचे सभासद असलेले कामगार आजही सुमारे सहा टक्केच आहेत. मतदान जिंकणे एक आणि करार पदरात पाडून घेणे दुसरे: डिसेंबर 2021 मध्ये बफेलो शहरातील स्टारबक्सच्या एका दुकानाने संघटना स्थापन केली आणि नंतर शेकडो दुकाने त्या वाटेने गेली, तरी तीन वर्षे उलटूनही त्यांना पहिला करार मिळाला नव्हता. अलाबामातील मर्सिडीजच्या कामगारांनी तर मे 2024 मध्ये संघटनेच्या विरोधात मत दिले.

मोटार कामगारांचे करार 30 एप्रिल 2028 रोजी संपतात. ही तारीख मुद्दाम निवडलेली आहे आणि इतर संघटनांनीही आपले करार तेव्हाच संपतील असे पाहावे, असे फेन यांचे जाहीर आवाहन आहे, म्हणजे 1 मे रोजी सर्वांना एकत्र संपावर जाता येईल. आठ तासांच्या दिवसासाठी 1886 मध्ये शिकागोत जो लढा झाला, त्यावरूनच आपण 1 मे कामगार दिन पाळतो. अमेरिकेत मात्र सरकारी कामगार दिन सप्टेंबरमध्ये असतो.