खालची ओळ झाकून बघ

तुझी चारही व्यंगचित्रं पाहिली. हात चांगला आहे, पण चित्रांपेक्षा खाली लिहिलेल्या ओळीच जास्त बोलतात. एक कर, खालची ओळ अंगठ्याने झाकून घरात कुणालाही चित्र दाखव. काहीच कळलं नाही, तर तू विनोद लिहिलायस, काढला नाहीस.

हास्यचित्रकार शि. द. फडणीसांची चित्रं मिळतील तिथून मिळव. एका चित्रात एक तरुणी आणि शेजारी एक तरुण, एकाच्या कपड्यांवर उंदरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजरांची. बस्स, एवढंच! शब्द एकही नाही. अशा एका चित्रासमोर अर्धा तास बसलास तरी वेळ वाया जाणार नाही.

तुझ्या चित्रांतल्या सगळ्यांचे हात खिशात का? काढता येत नाहीत म्हणून ना? (मीही वर्षभर हेच केलं, लपत नाही ते.) आरशासमोर आपलाच डावा हात धरून रोज दहा काढ. आणि चित्र छापताना लहान होतं, तेव्हा बारीक रेघांची जाळी काळा डाग होऊन बसते. आधी मोबाइलवर अंगठ्याएवढं करून बघत जा.

तिसऱ्या चित्रातल्या रिक्षावाल्याला मात्र हात लावू नकोस. त्याने नुसती मान फिरवलीय, आणि 'नाही येणार' ऐकू येतं.