वाचक विचारतात: रोदँचं म्युझियम

प्रश्न: पॅरिसमधलं शिल्पकार रोदँचं म्युझियम अर्ध्या दिवसात होईल का? सुरुवात बागेतून करावी की इमारतीतून? आणि त्याचा विचारात बुडालेला ‘थिंकर’ जगभर दिसतो, मग अस्सल कुठला?

उत्तर: तीन तास पुरेत, पण सोमवार टाळा; त्या दिवशी बंद असतं. मेट्रोच्या १३ नंबर लाइनवर ‘वारेन’ स्टेशनला उतरा, तिथून चालत जवळच आहे. ऊन-पाऊस बघून ठरवा; हवा बरी असेल तर आधी बागच.

‘थिंकर’समोर फोटो काढून लोक निघून जातात. थांबून पाहा: त्याचं उजवं कोपर डाव्या मांडीवर टेकलंय. तसं बसून बघा, पाठ लगेच ताणते. तो अवघड पीळच शिल्पाला ताण देते. मग ‘गेट्स ऑफ हेल’ हे नरकाचं भलंमोठं शिल्पदार गाठा. दाराच्या वरच्या भागात हाच थिंकर छोटा दिसेल. मूळचा तो तिथलाच. दाराचं काम १८८०मध्ये मिळालं, ब्राँझमध्ये ओतलं गेलं मात्र १९१७मध्ये रोदँ वारल्यानंतर. ‘कॅलेचे नागरिक’ या सहा जणांच्या समूहशिल्पाभोवती पूर्ण फेरी मारा, नाहीतर निम्मे पाठमोरेच राहतील. शत्रूला शरण जाताना घातलेले त्यांच्या गळ्यातले दोर चुकवू नका.

अस्सलचं म्हणाल तर ब्राँझ साच्यातून ओततात, त्यामुळे एकाच शिल्पाच्या अनेक प्रती निघतात. फ्रान्समध्ये १२ पर्यंतच्या प्रती मूळ मानतात. संगमरवराचं तसं नाही, तो कोरावा लागतो. आतला संगमरवरी ‘किस’ म्हणूनच सावकाश बघा. रोदँची शिष्या आणि सहकारी कामीय क्लोदेल हिची शिल्पंही आतच आहेत, ती गडबडीत राहून जातात.