नवीन कोट शिवायला टाकलाय. पहिल्या ट्रायलला नेमकं काय बघायचं?

आधी खांदा आणि कॉलर. कंबर, लांबी नंतरही सुधारते. खांदा शिवून झाल्यावर बदलणं म्हणजे अर्धा कोट उसवणं. म्हणून कच्चे टाके असतानाच बोला.

कोटाखाली घालणार तोच शर्ट आणि तेच बूट घालून जा, खिसे रिकामे ठेवा. छाती फुगवून उभे राहू नका, कोट त्याच पवित्र्याला बेतला जाईल. कोटाची कॉलर मागून शर्टाच्या कॉलरला टेकलेली हवी, मध्ये फट नको. कॉलरखाली आडवी वळी पडली तर बहुधा तुमचे खांदे कोटाच्या उतारापेक्षा सपाट आहेत. मास्तरांना कॉलर काढून तिथलं जादा कापड कमी करावं लागतं. वळी दाखवा, उपाय त्यांना ठरवू द्या.

बटण लावल्यावर दोन्हीकडून चुण्या ओढल्या तर कंबर घट्ट आहे. शिवणीत माया (आत सोडलेलं जादा कापड) असेल तर सैल होते.

बाहीखाली शर्टाचा कफ 1 ते 1.5 सेंमी दिसावा. लांबी पक्की होईपर्यंत बाहीची काजं मात्र कापू देऊ नका. कापल्यावर बाही खांद्याकडूनच कमी-जास्त करावी लागते, आणि ते काम फार किचकट असतं.