१७ वर्षं जावा करून लिंक्ड लिस्टपाशी अडले

प्रश्न : नमस्कार. वय ४२, १७ वर्षं जावा डेव्हलपर. त्यातली शेवटची १० वर्षं एकाच कंपनीत, विमा पॉलिसीच्या एका जुन्यापुराण्या सिस्टीमवर. अजून जावा ८, स्ट्रट्स १ (वेब अ‍ॅप बनवायचं जुनं फ्रेमवर्क), आणि आमचं डिप्लॉयमेंट म्हणजे शनिवारी रात्री वॉर फाइल (अख्खं अ‍ॅप बांधलेली एक फाइल) कॉपी करून सर्व्हर रीस्टार्ट मारायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. सहा महिने झाले नोकरी शोधतेय, साठेक ठिकाणी अप्लाय केलं, कॉल आले चार. शेवटच्या इंटरव्ह्यूत माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान मुलगा होता, त्याने हॅशमॅप (नावावरून नोंद पटकन शोधून देणारी रचना) आतून कसा चालतो ते विचारलं, मी अर्धवट काहीतरी सांगितलं, मग म्हणाला स्क्रीन शेअर करा आणि लिंक्ड लिस्ट (एकीला पुढची जोडलेली अशी नोंदींची साखळी) उलटी करून दाखवा. हातच चालेना हो. १० वर्षांत एकदाही लिंक्ड लिस्ट उलटी केलेली नाही मी! आता डोक्यात येतं की एआयमुळे तसंही कोडिंग संपणारच आहे तर डेटा सायन्सचा कोर्स करून पहिल्यापासून सुरुवात करावी का, की मॅनेजर व्हावं, की फील्डच सोडावं. नवरा म्हणतो आधी राजीनामा दे, मग निवांत शोध. काय करू?
– एक दमलेली डेव्हलपर

उत्तर : ताई, आधी ते लिंक्ड लिस्टचं मिटवून टाकू कारण पत्रात सगळ्यात जास्त तेच टोचतंय असं दिसतं. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत जो बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी अर्धा भाग सोडत शोधायची पद्धत) होता ना, त्यात साधारण ९ वर्षं एक बग होता. मधला इंडेक्स काढताना दोन आकड्यांची बेरीज करून दोनने भागायचं, आणि अ‍ॅरे प्रचंड मोठा असला की ती बेरीजच इंटिजरच्या मर्यादेबाहेर जायची आणि इंडेक्स निगेटिव्ह यायचा. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी, म्हणजे ज्यांनी तो कोड लिहिला होता त्यांनीच, हे जाहीरपणे सांगितलं. तेव्हा कोणीतरी समोर बसून बघत असताना तुमचा हात अडला तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मी स्वतः एका इंटरव्ह्यूत साधा फॉर लूप एकने चुकवून आलोय आणि वर तो बरोबर आहे म्हणून वादही घातलाय.

पण म्हणून "हे प्रश्नच फालतू आहेत" म्हणत बसू नका. फालतू आहेतच, पण विचारले जाणार आहेत. आणि तयारी वाटते तेवढी मोठी नाही. हॅशमॅपचं उत्तर पाच मिनिटांचं आहे : ‘की’चा (ज्या नावाने नोंद शोधायची त्याचा) हॅश म्हणजे एक आकडा काढायचा, त्यावरून बकेट म्हणजे कप्पा ठरतो, एकाच बकेटमध्ये दोघे आले तर त्यांची साखळी होते, आणि जावा ८ पासून अशी साखळी ८ च्या वर गेली आणि टेबल किमान ६४ चं असेल तर त्या साखळीचं रेड-ब्लॅक ट्री (समतोल राहणारी झाडासारखी रचना) होतं म्हणजे शोधणं वेगात होतं. झालं. हे तुम्ही रोज वापरता, बोलायची सवय नाही एवढंच. दीड महिना रोज पाऊण तास साध्या एडिटरमध्ये, ऑटोकम्प्लीट बंद करून, मोठ्याने बोलत कोड लिहा. मोठ्याने हे महत्त्वाचं. घरचे बघतील वेड्यासारखे, बघू देत. इंटरव्ह्यूत कोड अडत नाही, एकाच वेळी कोड आणि तोंड दोन्ही चालवायचं असतं तिथे अडतं.

आणि त्या मुलावर राग धरू नका. मीही त्या खुर्चीत बसलोय, हातात कोणीतरी दिलेली प्रश्नांची यादी असते, मीटिंगमधून उठून आलेलो असतो, आणि समोर १७ वर्षांचा अनुभव बघून आपणच टरकलेलो असतो.

आता खरा मुद्दा. साठ अर्ज आणि चार कॉल म्हणजे रेझ्युमेतच घोळ आहे. तुमचा रेझ्युमे मी बघितलेला नाही पण त्यात "पॉलिसी मॉड्यूलवर काम केलं, बग फिक्सिंग, क्लायंटशी संवाद" छाप ओळी असणार, पैजेवर सांगतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा रेझ्युमे असाच होता. त्याला म्हटलं, बाबा रे, तुझी झोप कधी उडाली होती ते सांग. तर म्हणाला महिनाअखेरची बॅच सात तास चालायची, सकाळी ऑफिस उघडलं तरी संपलेली नसायची, मग मी लॉग बघत बसलो तर कळलं प्रत्येक पॉलिसीला हप्ते आणायला डेटाबेसला वेगळी क्वेरी जातेय, म्हणजे लाखभर पॉलिसी तर लाखभर क्वेऱ्या, ते पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्याने आणायला लावलं तर बॅच तासाभरात. मी म्हटलं मग हे रेझ्युमेत का नाही? तर म्हणे "त्यात काय, ते तर कामच होतं." अहो, हेच तर विकायचं असतं! तुमच्या १० वर्षांत असे किमान सहा किस्से असतील. ते शनिवारचं डिप्लॉयमेंट एकदा तरी आपटलं असेल, रात्री दोनला थ्रेड डंप (कुठलं काम कुठे अडकलंय त्याची नोंद) काढून कोण कोणाचं लॉक धरून बसलंय ते शोधलं असेल. ते लिहा, काय बिघडलं होतं, काय केलं, किती फरक पडला. आकडा आठवत नसेल तर ठोकून देऊ नका, त्यावरच पुढचा प्रश्न येतो.

जुन्या टेक्नॉलॉजीची लाज वाटतेय ना, तिथेच तुमचं भांडवल आहे असं माझं मत. बघा, जावा ८ आलं मार्च २०१४ मध्ये, मग लाँग टर्म सपोर्टवाली ११, १७, २१ येऊन गेली. स्ट्रट्स १ चा सपोर्ट तर २०१३ लाच संपला. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ (जावा अ‍ॅप उभारायचं नवं फ्रेमवर्क) आलं त्याला किमान जावा १७ लागतं आणि जावॅक्सने सुरू होणारी कितीतरी पॅकेजेस जकार्ता नावाने बदलावी लागतात. म्हणजे जुन्या सिस्टीम धरून बसलेल्यांना आज ना उद्या हलावंच लागणार, आणि हलवताना दोन्ही तीर माहीत असलेला माणूस लागतो. नव्या पोरांना नवा तीर माहीत आहे. जुन्या कोडमध्ये तो विचित्र इफ का आहे, तो काढला तर लॅप्स झालेल्या पॉलिसीचं काय होतं, हे तुम्हाला माहीत. तेव्हा "जावा डेव्हलपर" म्हणून सरसकट अर्ज करण्याऐवजी मायग्रेशन, मॉडर्नायझेशन असे शब्द असलेल्या जागा शोधा, शक्यतो विमा किंवा बँकिंगमधल्याच.

फक्त त्यासाठी नव्या तीरावर एकदा तरी पाय लागलेला हवा. ऑफिसात एखादं छोटं मॉड्यूल मागून बघा, नाही म्हणाले तर घरी एखादं लहानसं जुनं अ‍ॅप स्वतः बनवून ते ८ वरून १७ वर न्या. व्हिडिओ बघू नका, करा. पहिल्या तासात काहीतरी फुटेलच, बहुतेक जेएएक्सबी (एक्सएमएल वाचायची-लिहायची लायब्ररी), कारण ते जावा ११ मध्ये जेडीकेमधून, म्हणजे जावाच्या मूळ संचातून, काढून टाकलंय, कंपाइलर म्हणेल पॅकेजच नाही, मग ती लायब्ररी वेगळी आणून जोडायची. हे एकदा हाताने केलं की इंटरव्ह्यूत कसं बोलायचं ते शिकवावं लागत नाही. सोबत डॉकरमध्ये (अ‍ॅप डब्यात बांधून कुठेही चालवायचं साधन) चालवा, गिटवर (कोडचा इतिहास ठेवायचं साधन) टाका. तीन-चार वीकेंडचं काम आहे.

एआयचं म्हणाल तर मी स्वतः रोज वापरतो आणि तुम्हीही वापरायला लागा, आता इंटरव्ह्यूतही विचारतात. कोड लिहायचा वेग वाढलाय हे खरं आणि नुसतं सांगितलेलं टाइप करून देणाऱ्यांचं अवघड आहे हेही खरं. पण त्याने दिलेला कोड छान दिसतो, टेस्टही पास होतो आणि सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मुदतीआधी बंद केली तर मिळणारी रक्कम) मात्र चुकीची काढतो, ते ओळखायला कोण लागतं? ज्याने ती चूक आधी निस्तरलीय तो.

डेटा सायन्स : स्टॅटिस्टिक्सची मनापासून आवड असेल तर जरूर, भीतीपोटी नको. तिथे तुम्ही फ्रेशरच्या रांगेत उभ्या राहाल. त्यापेक्षा डेटा इंजिनिअरिंग जवळचं आहे, एसक्यूएल आणि बॅचेस तुमच्या हातातल्याच. मॅनेजर व्हायचं तर एक प्रश्न स्वतःला विचारा, दिवसभर माणसांची भांडणं ऐकून संध्याकाळी बरं वाटेल का? कोडिंगला कंटाळून मॅनेजर झालेले मी बरेच पाहिलेत, टीमला फार छळतात.

आणि राजीनामा नको. नवरोबांचा हेतू चांगला आहे पण हातात नोकरी असताना पगाराची बोलणी वेगळी होतात आणि नसताना वेगळी. तब्येतच बिघडत असेल तर गोष्ट निराळी, मग आधी रजा घ्या. पोर्टलवर साठ अर्ज टाकण्यापेक्षा जुन्या दहा सहकाऱ्यांना मेसेज करा, "नोकरी आहे का" असं नको, तुमच्याकडे जुनी सिस्टीम हलवायचं काही चाललंय का असं विचारा.

प्रश्न : घरच्या आजारपणामुळे ४ वर्षं काम बंद होतं, त्याआधी ९ वर्षं बॅकएंड. रेझ्युमेत आधीच्या कंपनीची तारीख ओढून गॅप झाकू का? मित्र म्हणतो सगळे करतात.
– नाव देऊ नये

उत्तर : अजिबात नको. बॅकग्राउंड चेकमध्ये नेमक्या तारखाच बघतात, आणि रुजू झाल्यावर सापडलं तरी काढतात. "कौटुंबिक कारणासाठी ब्रेक" एवढी एक ओळ आणि वर्षं लिहा, आजार कोणाचा, काय, हे सांगायची गरज नाही. विचारलंच तर दोन वाक्यांत सांगून लगेच परत आल्यावर काय शिकलात त्यावर या. त्यासाठी काहीतरी शिकलेलं असायला हवं हे ओघाने आलंच, वरच्या ताईंना सांगितलेला जावा १७ वाला उद्योग तुम्हालाही लागू. काही मोठ्या कंपन्या ब्रेकनंतर परतणाऱ्यांसाठी वेगळे रिटर्नशिप प्रोग्रॅम चालवतात, बहुतेक काही महिन्यांचे, पगारी असतात पण शेवटी कायम करतीलच असं नाही, ते आधीच लेखी विचारून घ्या.