ही लिस्ट कुणाची रे?

प्रश्न: दादा, मी देवगड तालुक्यातला, वय २६. पुण्याच्या एका कंपनीत चार वर्षं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करतोय, सध्या घरूनच. आता कंपनी म्हणते ऑफिसला या. एक मित्र म्हणतो पायथन शीक, दुसरा म्हणतो रस्ट शिकलास तर घरबसल्या बाहेरची कामं मिळतील. मला तर वाटतं सगळ्या भाषा शेवटी सारख्याच, सिंटॅक्स, म्हणजे लिहायची रीत, तेवढी बदलते. का भाषा बदलली की डोकंपण वेगळं चालतं? बाबांचं आपलं एकच, "ता कंप्युटर रवांदे, कलमांका खत घालूक चल." काय करू?

उत्तर: खत जूनमध्ये घालतात, तेवढी सुट्टी मिळते रे, बाबांना नाही म्हणू नकोस.

सगळ्या भाषा सारख्याच हे मीपण दहा वर्षं म्हणायचो. मग मामाच्या हिशेबाचं काम अंगावर घेतलं. रत्नागिरीहून वाशीला आंब्याच्या पेट्या जातात, तिकडून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येतो, त्यात हमाली, गाडीभाडं, दलाली कापलेली, ते सगळं मामा वहीत उतरवायचा आणि मी म्हटलं वही कशाला, एका रविवारात जावात करून देतो. दिलंही. मे महिन्यात मामाचा फोन, तुझा कंप्युटर आणि माझी वही पाच पैशांनी जुळत नाही. मी हसलो. मामा म्हणाला पाच पैसे नकोत मला, पण गेले कुठे ते सांग.

पैसे मी डबलमध्ये, म्हणजे जावातल्या अपूर्णांकांच्या नेहमीच्या खणात, ठेवले होते. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, कारण आत सगळं बायनरी, म्हणजे नुसत्या शून्य आणि एकात, आणि ०.१ बायनरीत नेमकं लिहिताच येत नाही, जसं एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की तीन-तीन-तीन संपतच नाहीत. हे कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहूनपण आलो होतो! जावात त्यासाठी दशांश नेमके ठेवणारं बिगडेसिमल आहे, पण ते हवंय का असं जावाने विचारलं नाही, मी डबल लिहिलं आणि ती गप्प बसली. कोबोल बघ, १९५९ मध्ये एका कमिटीने धंद्याच्या हिशेबासाठी घडवायला घेतलेली भाषा, तिच्यात रकमेचं खातं उघडतानाच लिहायचं की दशांश चिन्हाच्या आधी किती आकडे, नंतर किती. आम्ही तिला म्हातारी म्हणून हसायचो.

आता डोकं वेगळं चालतं का. तू मित्राला म्हणालास "आम्ही उद्या हर्णैला जाणार" तर त्याला कळतं की आपल्याला बोलावलेलं नाही, आणि "आपण जाणार" म्हटलंस की तो चपला शोधायला लागतो. इंग्रजीत दोन्हीला एकच 'वी'. म्हणजे इंग्रजांना हा फरक कळत नाही असं नाही, पण मराठीत तोंड उघडायच्या आधी तुला ठरवावंच लागतं, समोरचा धरलाय का सोडलाय. रस्टचं तसंच आहे. जावात वस्तू तयार केली, इकडे दिली, तिकडे दिली, नको झाली की गार्बेज कलेक्टर मागून येऊन उचलतो, कुणाची होती कोण विचारतंय. रस्टमध्ये प्रत्येक गोष्टीचा मालक एक. दिलीस की ती तुझी राहिली नाही. उसनी दिलीस तर नुसती बघणारे कितीही चालतील, पण एक जण बदल करत असेल तर तेवढ्यापुरतं दुसऱ्याने बघायचंसुद्धा नाही. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर तीस नावं आणि निम्मी मुंबईला, तसं सामाईक रस्टमध्येपण करता येतं, आरसी म्हणून सोय आहे, फक्त ते सामाईक आहे असं स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं.

मी तीन महिने रस्टच्या कंपायलरशी, म्हणजे कोड तपासून चुकला की अडवणाऱ्या प्रोग्रामशी, भांडलो. नोकरीत आजतागायत रस्टची एक ओळ लिहिलेली नाही. पण जावात एकच लिस्ट दोन थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांच्या, हातात द्यायची वेळ आली की आता हात थांबतो, ही कुणाची रे? पूर्वी थांबत नव्हता आणि मग रात्री दोनला फोन यायचे.

म्हणून रस्ट शीक, रोज तासभर, पण नोकरीच्या आशेने नको. पायथन पंधरा दिवसांत हाताशी येईल, कामाची आहे, तिच्यासाठी एवढा विचार करू नकोस. नवीन म्हणून तर मुळीच नको, ती १९९१ची, जावा १९९५ची.

दुसऱ्या मित्राचं मात्र मला पटत नाही. एवढं पत्र लिहिलंस, पण चार वर्षं जावात केलंस काय ते कुठेच नाही. बँकेचं, विम्याचं, हॉस्पिटलचं? बाहेरचा माणूस काम देताना ते आधी विचारणार. आणि पुण्याला जायचं का हा तुझा खरा प्रश्न तू भाषेच्या आड लपवलायस असं मला वाटतं. तो रस्टने सुटायचा नाही. मॅनेजरला सरळ विचार महिन्यातून किती दिवस आलो तर चालेल, पुण्याचं भाडं आणि खाणं कागदावर मांड, जुलैमध्ये लाईट गेल्यावर तुझा इन्व्हर्टर किती तास टिकतो तेपण लिही, आणि मग बाबांबरोबर बस.

बसशीलच तर त्यांची वही मागून घे आणि पहिला रस्टचा प्रोग्राम तिचाच कर, रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेव. डागी आंबा वहीत कुठे लिहितात ते मात्र आधी विचार. मला ते दोन सीझन कळलं नव्हतं.