आधी पाय थांबव

प्रिय पोरा,

तुझा मेसेज नीट वाचला. फुटबॉल क्लबने तुला तिसरा गोलकीपर म्हणून ठेवलंय, सामन्याच्या दिवशी बेंचवरसुद्धा जागा नाही, उंची पाच फूट दहा. शिवाय गावाकडून सेव्हन-अ-साइडची, म्हणजे सात-सात जणांच्या सामन्यांची बोलावणी येतायत, रोख बक्षिसांसकट. 'सर, सोडू का?' असं विचारलंस आणि सोबत क्लिप जोडलीस. सोडायचं की नाही ते पुढे बघू. आधी क्लिप.

क्लिपमध्ये अकरा डाइव्ह आहेत, गाणंही जोरात आहे. त्या अकरांतल्या सात वेळा बॉलला लाथ बसते तेव्हा तुझा एक पाय हवेत आहे. हवेतल्या पायाने जमीन रेटता येत नाही. आधी तो टेकणार, मग वजन त्यावर येणार, मग रेटा. पेनल्टी स्पॉट गोलपासून ११ मीटरवर, आणि तिथून मारलेला जोरकस शॉट साधारण अर्ध्या सेकंदात गोललाइनवर येतो. त्यातला पाव सेकंद बॉल कुठे चाललाय हे कळण्यातच जातो. उरलेल्या पावात तू पाय टेकवत बसलास तर हाताने काय करायचं? तुझे ते 'थोडक्यात गेलेले' गोल उंचीमुळे गेलेले नाहीत. होर्हे काम्पोस तुझ्यापेक्षा बुटका होता आणि मेक्सिकोसाठी १९९४ आणि १९९८ चे विश्वचषक खेळला. कमी उंचीची किंमत क्रॉसवर, म्हणजे बाजूने गोलसमोर टाकलेल्या उंच बॉलवर, मोजावी लागते, तिथे येतोच. शॉटवर उंचीचं कारण मी ऐकणार नाही.

फटका बसायच्या आत पाय थांबलेले हवेत. जागा अर्धा मीटर चुकली तरी चालेल, पण पाय थांबलेले हवेत. अचूक जागेकडे धावत असलेल्या कीपरपेक्षा चुकीच्या जागी स्थिर उभा असलेला कीपर जास्त शॉट अडवतो.

थांबायचं कधी हे ओळखायची खूण बॉलमध्ये शोधू नकोस, मारणाऱ्याच्या आधाराच्या पायात शोध. तो पाय बॉलशेजारी पडला की तू जेमतेम बोटभर उचलशील इतकी बारीक उडी घे आणि दोन्ही पाय एकदम टेकव. खांद्यांपेक्षा किंचित जास्त अंतर, वजन चवड्यांवर, गुडघे बोटांच्या रेषेत, हात शरीराच्या पुढे. बॉल सहा-सात मीटरवर असेल तर हात मांड्यांजवळ खाली, लांब असेल तर कमरेच्या वर. तुझी उडी मोठी आहे आणि उशिराही आहे. म्हणजे तो मारतो तेव्हा तू वर, आणि तू खाली येतोस तेव्हा बॉल जाळ्यात.

आता जागा. साधारण ५५ मीटरची दोरी घे, दोन्ही टोकं गोलच्या दोन्ही पोस्टना (खांबांना) बांध, मधला भाग ताणून बॉलपाशी खुंटीला अडकव. दोन दोऱ्यांच्या मध्ये उभा राहा. बॉल गोलच्या बरोबर समोर १६ मीटरवर असेल तर लाइनवर तुला ७.३२ मीटर झाकायचे असतात, चार मीटर पुढे आलास तर साडेपाचच. मात्र चार मीटर पुढे आलास म्हणजे तेवढा वेळ गमावलास, आणि डोक्यावरून बॉल टाकायला जागाही दिलीस. म्हणून मारणारा मान खाली घालून पाय मागे नेतोय तेवढ्यातच पुढे सरकायचं, आणि त्याचा आधाराचा पाय टेकायच्या आत थांबायचं. आता खुंटी पेनल्टी बॉक्सच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाच्या) कोपऱ्याकडे ने. 'बॉल आणि गोलचा मध्य यांच्या रेषेवर उभा राहा' असं तुला कुणीतरी शिकवलंय, क्लिपमध्ये दिसतंय. बॉल बाजूला गेला की ते चुकतं. कोन दुभागणारी रेषा तेव्हा गोलच्या मध्यातून जात नाही, जवळच्या पोस्टकडे झुकते. मध्याच्या रेषेवर उभा राहिलास तर पहिल्या, म्हणजे जवळच्या, पोस्टची बाजू जास्त उघडी पडते. तिथूनच तुला दोन गोल बसलेत. दोरीत उभा राहिलास की हे आपोआप दिसतं. एक महिना रोज दहा मिनिटं हे कर.

हे कंटाळवाणं आहे, माहीत आहे. मी पहिले सहा आठवडे डाइव्हचं ड्रिल लावतच नाही. पालक कुरकुरतात, पोरं दुसऱ्या कोचकडे जातात, व्हिडिओ काढण्यासारखं काही होत नाही. तरी लावणार नाही. पाय न शिकता डाइव्ह शिकलेली पोरं पुढे सुधारत नाहीत, कारण प्रत्येक वाचवलेला बॉल त्यांना सांगत राहतो की तुझं बरोबरच आहे. सतराव्या वर्षी हे सांगावं लागतं याचा खेद मला तुझ्यापेक्षा जास्त आहे. बाराव्या वर्षी सांगायला हवं होतं.

डाइव्हबद्दल एवढंच: बसून, मग गुडघ्यावर, मग उकिडवं, मग उभं, याच क्रमाने. पडताना पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ला, खांद्याची मागची बाजू. कोपर कधीच खाली नाही. आपल्या टणक मैदानांवर कोपर आधी टेकलं की खांदा गेला.

क्रॉसवर तुझी अडचण खरी आहे. पाच फूट दहाच्या कीपरने सगळ्या क्रॉसना जायचं नसतं. गोल एरियाच्या (गोलसमोरच्या लहान चौकोनाच्या) आतले तुझे, बाहेरचे डिफेंडरचे, हे आधी ठरव. उभा राहा गोलच्या मध्यापासून किंचित लांबच्या पोस्टकडे, लाइनपासून दीड-दोन मीटर पुढे, शरीर मैदानाकडे उघडं. आणि इथेही क्रॉस पायातून सुटेपर्यंत हलायचं नाही! आधीच पहिल्या पोस्टकडे पाऊल टाकलंस की दुसऱ्या पोस्टचा बॉल गेला. सुटला, दिसला, मग जा. एका पायावर उडी, पुढचा गुडघा वर, 'कीपर!' ही हाक उडीच्या आधी. हाक हा कामाचा भाग आहे, तुझ्या क्लिपमध्ये ती एकदाही नाही. गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांनी गोलमध्ये उभं राहून देशाचं कर्णधारपद केलं. ते गप्प राहून होत नसतं.

पायाने खेळणं तर आता टळतच नाही. १९९२ पासून बॅकपास (सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला बॉल) हातात घेता येत नाही, २०१९ पासून गोलकिक बॉक्सच्या आतच सहकाऱ्याला देता येते, आणि २०२५ पासून बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरलास तर समोरच्यांना कॉर्नर. डाव्या पायाचा वीस मीटरचा पास तुझ्याकडे नाही. रोज पन्नास मार.

आता तुझा प्रश्न. सेव्हन-अ-साइडला जाऊ नकोस. पैशाला मी नावं ठेवत नाही, घरची परिस्थिती तू मला सांगितली आहेस. पण तिथे गोल लहान, शॉट सहा-सात मीटरवरून. तिथे आधीच अंग पसरून पडलं तरी निभावतं. ती सवय घेऊन ७.३२ मीटरच्या गोलमध्ये आलास की शॉट सुटायच्या आधीच तू जमिनीवर असशील. पुन्हा तेच पाय.

तिसरा कीपर असणं म्हणजे शिक्षा नाही. भारताचा गोलकीपर गुरप्रीत सिंग संधू २०१४ ला नॉर्वेच्या स्ताबेक क्लबला गेला आणि लीगचे सामने त्याला फारच थोडे मिळाले. पण युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळलेला पहिला भारतीय तोच, २०१६ मध्ये, तिथूनच. आपल्या जागेवर वेळ लागतो आणि वेळ असतोही: इटलीचा कीपर दिनो झॉफ १९८२ ला चाळिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकला, तिथलाच बुफाँ सतराव्या वर्षी सेरी आमध्ये (इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये) उतरला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी थांबला. दोन हंगाम दे. मात्र नुसतं बसून नाही. पहिल्या कीपरला सरावात शॉट तूच मारतोस ना? मग प्रत्येक शॉटला त्याचे पाय बघ आणि वहीत लिही. कोचकडे राखीव संघाचे सामने किंवा लोन (दुसऱ्या क्लबकडून तात्पुरतं खेळणं) माग, तोंडाने माग, वाट बघू नकोस. वर्षाला वीस पूर्ण सामने मिळाले पाहिजेत. दोन हंगामांत तेही नाही मिळाले तर सोड, पण अकरा जणांच्या संघाकडेच जा, मग तो खालच्या लीगचा का असेना.

कराराच्या कागदावर दुखापतीचं कलम शोध: शस्त्रक्रिया आणि फिजिओचा खर्च कोण करणार, त्या काळात पगार चालू राहणार का. ट्रायलसाठी पैसे मागणाऱ्या एजंटला फिफाचा परवाना विचार, बहुतेक तिथेच गायब होतात. आणि बी.ए. पूर्ण कर. २०२५ मध्ये आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही, तेव्हा मोठमोठ्या खेळाडूंचे पगार अडकले. महाराष्ट्र राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रं आत्तापासून जपून ठेव आणि पडताळणीचे नियम वाचून घे.

तुझा,
सर

ता.क. ग्लोव्हज उन्हात वाळत घालतोस, क्लिपमध्ये मागे दोरीवर दिसतायत. लेटेक्स कडक होऊन पकड जाते. कोमट पाण्यात हाताने धू, दाबून पाणी काढ, पिळू नकोस, सावलीत वाळव. खेळण्याआधी तळवे किंचित ओले कर. सरावाची जोडी वेगळी, सामन्याची वेगळी.