सक्तीच्या शिक्षणाचे वय १४ वरून १८ करावे का?

होय, करावे. ज्या मुलाचे अभ्यासात लक्ष नाही त्याला आणखी चार वर्षे बाकावर बसवून काय साधणार, त्यापेक्षा तो एखादे काम शिकला तर काय बिघडले, असेही आपण विचारले आहे. मी आठवी पास झालो त्या वर्षी माझ्या थोरल्या भावाने वडिलांना नेमके हेच ऐकवले होते आणि त्यावरून मला एका वर्कशॉपमध्ये लावण्यात आले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे अभ्यासात लक्ष नव्हते हे खरे नव्हते. आमची शाळा आठवीपर्यंतच होती; नववीसाठी दुसऱ्या गावी जायचे म्हणजे फी, नवा गणवेश आणि एसटीचा पास आला. घरात या खर्चाविषयी कोणी बोलले नाही, बोलणे झाले ते 'पोराचा कल' या विषयावर. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क ६ ते १४ या वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच दिला आहे. मोफत शिक्षण जिथे संपते तिथेच गरीब घरचे मूल थांबते आणि दोष मात्र त्याच्या आवडीनिवडीवर ढकलला जातो, याची मला आजही चीड येते.

वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायच्या यंत्रावर, जॉब (तो तुकडा) चकमध्ये म्हणजे पकडीत बांधणे, सेंटर काढणे, फेसिंग (टोक सपाट करणे), साधे टर्निंग (सरळ गोल कापणे) हे सगळे मला लवकर येऊ लागले. टेपरचे, म्हणजे एका टोकाकडे निमुळता होत जाणारा भाग कापायचे, काम आले की मात्र मला बाजूला उभे राहावे लागे. टेपरसाठी कंपाउंड स्लाइड (कापायचे हत्यार धरणारा, वळवता येणारा भाग) किती अंशांत वळवायची हे ड्रॉइंगवर दिलेले नसेल, तर मोठ्या व्यासातून लहान व्यास वजा करून येणाऱ्या आकड्याला लांबीच्या दुपटीने भागायचे आणि ज्या कोनाचा टॅन्जंट तेवढा असेल तो कोन कोष्टकात शोधायचा असतो. आमचे फोरमन हा हिशेब खडूने पत्र्यावर मांडत, स्लाइड लावून देत आणि मग हँडल माझ्या हाती येई. मलाही हे शिकवा असे मी एकदा म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "अरे, हे दहावीच्या पुस्तकात असतं. तुझी तिथपर्यंत शाळाच झाली नाही, तर मी कुठून सुरुवात करू?" ते चांगले गृहस्थ होते आणि त्यांचे म्हणणे बरोबरच होते. पगारवाढ ज्यांना ड्रॉइंग वाचून स्वतः सेटिंग करता येई त्यांना मिळे, मला नाही.

दादा अजूनही म्हणतो की लहानपणी कामाला लागलो म्हणूनच माझ्या हातात कसब आले. हातात जे आले ते कामामुळे, हे मला मान्य आहे. पण ते जिथे अडले ते नववी-दहावी न झाल्यामुळे, आणि हे त्याने कधीच ऐकून घेतले नाही. पुढे दिवसभर मशीनवर उभे राहून रात्री अभ्यास करत मी १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावी दिली आणि त्यानंतर आयटीआयला टर्नर (लेथचे काम) हा ट्रेड केला. जे सोळाव्या वर्षी झाले असते ते विशी उलटल्यावर, घरखर्चाचा भार उचलत करावे लागले.

आता कायद्याविषयी. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे (घरच्या व्यवसायाची पळवाट आहेच), पण १४ ते १८ या वयात बंदी आहे ती फक्त धोकादायक कामांना. म्हणजे पंधरा वर्षांचा मुलगा शाळेत नसला तरी कोणी विचारत नाही आणि कामावर असला तरी कोणी विचारत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाकडे किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली होती. तिथून आपण एवढ्या काळात दोनच वर्षे पुढे सरकलो आहोत. २०२० च्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत माध्यमिक स्तरावर शंभर टक्के पटनोंदणीचे उद्दिष्ट आहे, परंतु धोरणावर बोट ठेवून कोणाला हक्क मागता येत नाही.

सक्ती म्हणजे बाकावर बसणेच, असे मुळीच नाही. इंग्लंडमध्ये २०१५ पासून १८ वर्षांपर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे आणि त्यात शिकाऊ उमेदवारी चालते, तसेच नोकरी सांभाळून घेतलेले अर्धवेळ प्रशिक्षणही चालते. फिनलंडने २०२१ मध्ये वय १८ केले तेव्हा उच्च माध्यमिकची पाठ्यपुस्तके आणि लागणारी साधनेही मोफत केली. मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण आमच्याकडे मी पासाच्या पैशांवर अडलो होतो.

एक मात्र आधीच सांगायला हवे होते: नववीची शाळा जवळ नसताना, वसतिगृह किंवा एसटीची सोय नसताना नुसते वय वाढवले आणि आईवडिलांना दंड लावला, तर तो अन्याय होईल आणि मुलींच्या बाबतीत तर तो कायदा कागदावरच राहील. सक्ती आधी सरकारवर हवी.

आपल्या ओळखीत असा कोणी मुलगा असेल, तर त्याला वर्कशॉपमध्ये जरूर पाठवा, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत. दादाचा मुलगा आता नववीत आहे आणि त्याच्याबद्दलही 'कल नाही' हे बोलणे सुरू झाले आहे. त्याच्या दहावीपर्यंतच्या पासाचे पैसे मी देणार आहे, हे मी दादाला सांगून टाकले आहे.